सही करण्याआधी

(म्हसा इथे झालेल्या बचत गटांच्या मेळाव्यात आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं हे भाषण. ज्या मैत्रिणींना त्या दिवशी येता आलं नाही त्यांच्यासाठी छापत आहोत. गटाच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं.)



आपण म्हशात बसलोय, म्हणून यात्रेपासूनच सुरुवात करते. पौषातल्या यात्रेत आपली माणसं बैल घ्यायला येतात, तेव्हा काय करतात? आधी बैलाचे दात बघतात. मग त्याला चालवून बघतात, पाठीवरून हात फिरवतात. सोबत गावातला एखादा जाणता माणूस आणलेला असतो, त्याला विचारतात. तेवढं झाल्यावरच पैसे मोजतात. यात कोणाला राग येत नाही, विकणाऱ्यालासुद्धा नाही.

आता मला सांगा, बाईपुढे जेव्हा स्टॅम्प पेपर ठेवतात तेव्हा तिला किती वेळ देतात? "इथं सही कर" म्हणतात, आणि ती करते. वाचून दाखवा म्हणाली तर "आमच्यावर विश्वास नाही का?" असं विचारतात. बैलाला जेवढी चौकशी मिळते तेवढी तिच्या उरलेल्या आयुष्याला मिळत नाही.

आज मी त्या सहीबद्दल बोलणार आहे. आणि सुरुवात माझ्या स्वतःच्या चुकीपासून करणार आहे.

गोष्ट आपल्याच भागातली. तिच्या परवानगीने सांगते आहे. नाव, गाव सांगणार नाही, आणि ओळखू आलं तरी तुम्हीही कोणाला सांगू नका. ती आपल्या गटाची सदस्य. नवरा कंपनीत कामाला. दारू, मारहाण, मग दुसरीकडे घर केलं. ही दोन पोरांना घेऊन माहेरी आली. मला नोकरीला लागून तेव्हा पाच महिने झाले होते. एम.एस.डब्ल्यू. झालेली, समुपदेशन शिकलेली, मला वाटायचं की भांडण मिटवलं म्हणजे काम झालं.

दोन्हीकडची माणसं समाजमंदिरात बसली. तीन तास बोलणं झालं. ठरलं काय, तर त्याने चाळीस हजार रोख द्यायचे, तिने पोरं सांभाळायची. यापुढे एकमेकांवर काही हक्क नाही, पोटगी मागायची नाही, दोघं लग्नाला मोकळे. आणि कोणीतरी म्हणालं, "मॅडम, तुमचं अक्षर चांगलं आहे, तुम्हीच लिहा."

मी लिहिलं. तिने सही केली. सगळे म्हणाले, बरं झालं, कोर्टकचेरी न होता मिटलं. मी त्या दिवशी अहवालात लिहिलं, 'एक प्रकरण यशस्वीरीत्या सोडवले.'

त्या चाळीस हजारांतून गटाचं कर्ज फिटलं, बाकीचे धाकट्याच्या आजारपणात गेले. पुढच्या जूनमध्ये शाळेच्या खर्चासाठी ती त्याच्याकडे गेली. त्याने मोबाईलमध्ये त्या कागदाचा फोटो काढून ठेवला होता. तो दाखवून म्हणाला, "हे बघ, तुझ्याच मॅडमनी लिहिलंय."

त्यानंतर आम्ही दोघी तो कागद घेऊन विधी सेवेच्या वकील ताईंकडे गेलो. त्यांनी तो वाचला आणि तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, हा घटस्फोट नाही. पंचांसमोर स्टॅम्पवर लिहिलेली सोडचिठ्ठी म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. आमच्या जातीत काडीमोडीची रूढी आहे असं कोणी म्हणत असेल, तर ती रूढी त्याला कोर्टात सिद्ध करून दाखवावी लागते. दुसरी, 'पोटगी मागणार नाही' असं बाईने लिहून दिलं तरी तिचा कायद्याने मिळालेला हक्क त्याने संपत नाही. आणि तिसरी, पोरांची पोटगी पोरांची असते, ती सोडून द्यायचा अधिकार आईलाही नाही.

म्हणजे तो कागद कामाचा नव्हता. पण त्या कागदाच्या भीतीने ती अकरा महिने गप्प बसली होती.

मग अर्ज केला. सात महिन्यांनी कोर्टाने तात्पुरती पोटगी ठरवली, तिची आणि दोन पोरांची मिळून महिना सहा हजार. आणि ती कधीपासून धरली? अर्ज केल्याच्या तारखेपासून. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालात हेच सांगितलंय की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. तो खटलाही आपल्या महाराष्ट्रातूनच, नागपूरकडून वर गेला होता.

गटाचा हिशोब तुम्ही माझ्यापेक्षा चांगला करता. अकरा महिने गुणिले सहा हजार किती? सहासष्ट हजार. चाळीस हजार देऊन त्याने सहासष्ट हजार वाचवले. आणि ते वाचवायला मी मदत केली, माझ्या चांगल्या अक्षरात.

पोटगी लागली म्हणजे सगळं छान झालं असंही नाही. त्याने तीन महिने भरले आणि थांबवले. मग वसुलीचा अर्ज केला. आता एक हप्ता येतो, एक चुकतो. पण ती आता घाबरत नाही. तारखेला एकटी एस.टी.ने जाऊन येते.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे समझोता करायचाच नाही का? आपल्याकडे म्हण आहे, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. म्हण खोटी नाही. तारखा पडतात, मजुरी बुडते, वर्षं जातात. समझोता वाईट नसतो. पण तो करताना बाईच्या हातात काय आहे, हे बघायला पाहिजे.

यासाठी तुम्हाला एक जुनी गोष्ट सांगते, खरी घडलेली. आपल्या मुंबईत रखमाबाई नावाच्या एक बाई होत्या. सुतार समाजातल्या. वयाच्या अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी लग्न झालं. पण त्या सासरी गेल्या नाहीत. आईबरोबर, सावत्र वडिलांच्या घरी राहिल्या आणि शिकल्या. सावत्र वडील डॉक्टर सखाराम अर्जुन, ते पाठीशी होते. १८८४ मध्ये नवऱ्याने मुंबई हायकोर्टात दावा लावला की बायकोने नांदायला यावं. १८८५ मध्ये पहिला निकाल बाईच्या बाजूने लागला. नवऱ्याने अपील केलं. १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं, एका महिन्यात नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी कळवलं की मी तुरुंगात जाईन.

विचार करा, सव्वाशे वर्षांहून जुनी गोष्ट. कायदा बाजूने नाही, वर्तमानपत्रात टीका होतेय, समाज नावं ठेवतोय. शेवटी काय झालं? १८८८ मध्ये समझोताच झाला. नवऱ्याने दोन हजार रुपये घेऊन दावा सोडला. रखमाबाई विलायतेला गेल्या, डॉक्टर झाल्या, आणि परत येऊन सुरतेला आणि राजकोटला कितीतरी वर्षं बायकांचे दवाखाने चालवले. त्यांच्या खटल्यावरून देशभर एवढी चर्चा झाली की १८९१ च्या संमतीवयाच्या कायद्याला त्याचा हातभार लागला.

म्हणजे समझोता त्यांनीही केला. पण त्यांना आपला खटला काय आहे ते माहीत होतं, पाठीशी माणसं होती, आणि नाही म्हणायची तयारी होती. आपल्या मैत्रिणीने समाजमंदिरात सही केली तेव्हा तिला कायदा माहीत नव्हता. जवळ कागद नव्हते. आणि पाठीशी मी होते, पण मला मिटवायची घाई होती. फरक एवढाच आहे.

मग आपण गट म्हणून काय करायचं? बाई कोर्टात जायच्या कितीतरी आधी गटात येते. बचतीचे पैसे देताना डोळ्यांत पाणी येतं, तिथून सुरू होतं. तेव्हा आपण काय करतो यावर पुढचं बरंच ठरतं.

पहिलं काम, ऐका. निवाडा करू नका. "थोडं सोसावं लागतं" हे तिने हजारदा ऐकलेलं असतं, आपण एक हजार एकाव्यांदा सांगायची गरज नाही. एकच विचारा, "आज रात्री घरी गेलीस तर धोका आहे का?" धोका असेल तर ११२ ला फोन. सल्ला, आसरा हवा असेल तर महिलांसाठी १८१ आहे. आणि गटात बोललेलं विहिरीवर जाता कामा नये. तिची गोष्ट तिच्या सासरी आपल्यामुळे पोचली, तर ती पुन्हा तोंड उघडणार नाही.

दुसरं काम, कागदांची पिशवी. लग्नपत्रिका, लग्नाचा फोटो, आधार, रेशनकार्ड, पोरांचे जन्माचे दाखले, बँकेचं पासबुक. मार लागला असेल तर सरकारी दवाखान्यात दाखवून त्याचा कागद. पोलिसांनी अदखलपात्र नोंद केली असेल तर तिची प्रत. नवऱ्याची कंपनी कुठली, पगार किती, गावात जमीन किती, गट नंबर काय, गाडी आहे का, हे वहीत लिहून ठेवा. २०२० च्या त्याच निकालाने दोघांनाही आपली कमाई आणि मालमत्ता प्रतिज्ञापत्रावर सांगावी लागते. त्याने लपवलं तर तुमची वही उपयोगी पडते. पिशवी घरात ठेवायची भीती असेल तर माहेरी किंवा विश्वासाच्या मैत्रिणीकडे ठेवा. जे लिहाल ते खरं लिहा. रागाने वाढवून लिहिलं आणि एक गोष्ट खोटी निघाली, की दहा खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

तिसरं काम, वकील. वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून कितीतरी जणी मागे फिरतात. तायांनो, १९८७ चा विधी सेवा कायदा सांगतो की बाईला फुकट वकील मिळायचा हक्क आहे. उत्पन्न कितीही असो. मुरबाडच्या आणि शहापूरच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती आहे, तिथे साधा अर्ज द्यायचा. फोन करायचा तर १५१००.

चौथं, वाटा दोन आहेत, त्या ओळखून ठेवा. एक पोटगीची. आधी कलम १२५ म्हणायचे, १ जुलै २०२४ पासून नव्या कायद्यात ते कलम १४४ झालं. माहेरी राहत असाल तर तिथल्या कोर्टात अर्ज चालतो, नवऱ्याच्या गावी जायला लागत नाही. बायको, पोरं आणि म्हातारे आईबापसुद्धा यात मागू शकतात. पोटगी थकली तर थकल्यापासून वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करा, थांबू नका.

दुसरी वाट घरगुती हिंसाचाराच्या कायद्याची. कायदा २००५ चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ ला. संरक्षण अधिकाऱ्याकडे जायचं, ते घटनेचा अहवाल लिहून कोर्टात देतात. थेट कोर्टातही अर्ज करता येतो. आधी पोलीस केस झालीच पाहिजे असं नाही. यात मारहाण थांबवायचा हुकूम मिळतो, खर्च मिळतो, आणि महत्त्वाचं म्हणजे घरात राहायचा हक्क मिळतो. घर सासऱ्याच्या नावावर आहे म्हणून बाहेर काढता येत नाही, काढायचं तर कायद्याच्या मार्गानेच. हुकूम मोडला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. हा कायदा फक्त बायकोसाठी नाही. आई, मुलगी, विधवा वहिनी, सगळ्यांसाठी आहे, आणि सगळ्या जातीधर्मांना आहे. आपल्या ठाकर, कातकरी, महादेव कोळी मैत्रिणींनाही. साठ दिवसांत निकाल द्यायचा प्रयत्न करावा असं कायद्यात लिहिलंय. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, हे आधीच सांगते, म्हणजे मधेच धीर सुटायचा नाही.

आता एक शब्द जमिनीच्या सहीबद्दल. मुरबाड, शहापूरमध्ये जमिनीला भाव आला. शहापुरातून समृद्धी महामार्ग गेला, फार्महाऊसवाले गावोगाव फिरतात. भाव आला की भावाला बहिणीची आठवण येते. साडी येते, आणि साडीमागून हक्कसोडपत्र येतं. हिंदू वारसा कायद्यात मुलीला मुलाएवढाच वाटा आहे. महाराष्ट्राने ही सुधारणा १९९४ मध्ये केली, देशात ती २००५ मध्ये झाली, आणि २००५ मध्ये वडील हयात नव्हते तरी मुलीचा हक्क जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला सांगितलं. आदिवासी समाजाला हा कायदा थेट लागू होत नाही, त्यांनी आपली बाब वकिलाला वेगळी विचारायची. भावाला वाटा सोडायचा असेल तर खुशाल सोडा, तो तुमचा निर्णय. पण काय सोडतोय ते कळून सोडा. दुय्यम निबंधकाकडे एकदा नोंदणी झाली की मागे फिरणं फार अवघड असतं.

म्हणून कुठलाही कागद समोर आला की एक वाक्य पाठ करून ठेवा, "मी हा घरी नेते, वकिलाला दाखवते, मग सांगते." रागवायचं नाही, भांडायचं नाही, एवढंच म्हणायचं. चांगला कागद असेल तर चार दिवसांनी तो वाईट होत नाही. आणि जो म्हणेल "आत्ताच कर", त्याच्या कागदाचे दात आधी बघा.

समझोता करायचाच असेल तर कोर्टासमोर करा. मध्यस्थीत करा, लोकअदालतीत करा. तिथे लिहिलेल्याला वजन असतं. पण लोकअदालतीतल्या तडजोडीवर अपील नसतं, म्हणून तिथेही आधी समजून घ्या. पोरांचा खर्च वेगळा लिहा. पैसे रोख नको, बँकेत. लग्नातले दागिने, भांडी, जे तुमचं आहे त्याची यादी करा.

आणि आता थोडं कडू बोलते. इथे बसलेल्यांपैकी कितीतरी जणी सासवा आहेत. सून दुसऱ्याची असली की आपण तिच्या बाजूने बोलतो. पण उद्या आपल्याच सुनेने गटात तोंड उघडलं, आपल्याच मुलाविरुद्ध, तर? त्या दिवशी मुलाला वाचवायचा सोपा मार्ग म्हणजे तिला घाईने स्टॅम्पवर सही करायला लावणं. तो मार्ग घेऊ नका. आपली लेकही कोणाच्या तरी घरी सून आहे. मुलाला चांगला वकील द्या, त्याची बाजू खरी असेल तर ती कोर्टात सांगा. पण तिचा वकील तिला मिळू द्या.

शेवटचं. लावणीला आपण सावड घालतो. आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. हिशोब लिहावा लागत नाही. तशीच तारखेची सावड घाला. लावणीच्या दिवसांत मैत्रिणीची कोर्टाची तारीख आली, तर एकीने तिच्या शेतात उभं राहायचं, एकीने पोरं सांभाळायची, आणि एकीने तिच्यासोबत एस.टी.त बसायचं. आत बोलायला वकील आहे. पण बाहेर बाकावर शेजारी बसलेलं माणूस असलं की बाईचा पाय लटपटत नाही. भाड्याचे पैसे गटातून द्यायचे का, हे आजच्या बैठकीत ठरवा आणि इतिवृत्तात लिहा.

मी त्या दिवशी लिहिलेल्या कागदाची झेरॉक्स माझ्या पिशवीत असते. ज्या गटात जाते तिथे दाखवते, तिची परवानगी घेऊनच, नावं झाकून. अक्षर खरंच चांगलं आहे. आता मी कोणाची सोडचिठ्ठी लिहून देत नाही. कोणी म्हणालं, "मॅडम, तुम्हीच लिहा," तर मी विधी सेवा समितीचा अर्ज लिहून देते.

एवढंच बोलते. कोणाला एकटीने काही विचारायचं असेल, तर मी चहाच्या वेळी मागच्या पडवीत बसते. नमस्कार.